खाच जुळली, तरी रॅम लागेना

डिसेंबरात धरणगावच्या जिनिंगबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. तशाच एका दुपारी वजनकाट्यावरून आप्पांचा फोन आला, "भाऊ, कॉम्प्युटर चालूच व्हत नही. आते काय करानं?"

पोचलो तर रांग पार रस्त्यापर्यंत. काट्याच्या खोलीत सीपीयूचा पंखा फिरतोय, स्क्रीन काळा, आतून लांब-लांब बीप. जुनी 2 जीबीची रॅम आठवडाभर निळा स्क्रीन दाखवत होती, म्हणून आप्पांच्या भाच्याने 4 जीबीची नवीकोरी डीडीआर3 पिढीची रॅम ऑनलाइन मागवून स्वतःच बसवली होती. मशीन बारा-तेरा वर्षांचं. बदलत का नाहीत, तर काट्याचं वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरची वायर सीरियल पोर्ट या जुन्या पद्धतीच्या जोडणीत जाते, आणि सॉफ्टवेअर करून देणारा कधीच गाव सोडून गेला.

खोडरबराने रॅमच्या पिना घासल्या, स्लॉट बदलला. बीप तीच.

"भाऊ, ही 1600ची आहे, मदरबोर्ड 1066चा. स्पीड जास्त झाला का?" भाच्याने विचारलं.

नाही. रॅमवर एक बारकी चिप असते, तिच्यात ती कोणकोणत्या वेगाला चालते याची नोंद असते. बोर्ड ती वाचतो आणि त्याला झेपेल तो वेग धरतो. वेगवान रॅम हळू चालेल, पण चालेल. पिढीही बरोबर होती. डीडीआर4 असती तर 288 पिना, खाच वेगळ्या जागी, स्लॉटात बसलीच नसती.

मग रॅम उजेडात धरून चिपा मोजल्या. एका बाजूला आठ, दुसरी बाजू कोरी. तिथे ट्यूब पेटली. बोर्ड होता जी41 चिपसेटचा, म्हणजे रॅमशी बोलणारी बोर्डावरची मुख्य चिप जुनी. आठ गिगाबिटची एक जीबी होते, म्हणून आठ चिपांत 4 जीबी म्हणजे एकेक चिप 4 गिगाबिटची, आणि या चिपसेटला 2 गिगाबिटच्या पुढची चिप ओळखता येत नाही. सोळा चिपांची 4 जीबी असती तर चालली असती. डब्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं, हा माझा जुना राग.

जळगावला गोलाणी मार्केटपर्यंत जाऊन यायला वेळ नव्हता. बॅगेत भंगारातल्या मशीनच्या 2-2 जीबीच्या दोन 1333च्या रॅम होत्या, त्या लावल्या. एकच बीप, आणि विंडोज 7. (तीही 32 बिटची, 4 जीबी पूर्ण वापरणारच नव्हती.)

भाच्याने सीपीयू-झेड उघडलं, मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर. "रॅमचा वेग 533 दाखवतंय! अर्ध्याहून कमी!"

"दुप्पट कर," मी म्हटलं. "डीडीआर एका ठोक्याला दोनदा डेटा देते. 1066."

त्याने मोबाइलवर गुणाकार करून पाहिला. तोवर आप्पांनी पावती काढायला घेतली होती.

ती नवी रॅम मी त्याच्याकडून घेतली. पुढच्याच आठवड्यात एच61 या नंतरच्या चिपसेटच्या बोर्डात लावली, पहिल्या झटक्यात उठली.