नेपल्स: आधी चित्रं, मग डोंगर

नेपल्सला चार दिवस होते आणि जाताना एकच ठरवलेलं, शेजारचा ज्वालामुखी व्हेसुव्हियस आधी चित्रांत बघायचा आणि मगच चढायचा. तुम्ही जाणार असाल तर प्लीज हाच क्रम ठेवा, उलटं केलंत तर निम्मी मजा जाते.

सुरुवात पुरातत्त्व संग्रहालयापासून. तिथे पॉम्पेईच्या, म्हणजे व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहराच्या, एका घरातलं भित्तिचित्र आहे, इ.स. ७९ च्या त्या उद्रेकाआधीचं. त्यात वाइनचा देव बॅकस उभा, अंगभर द्राक्षांचे घोस ल्यालेला, पायाशी बिबट्या, खाली मोठा साप आणि मागे एक हिरवा डोंगर. तो व्हेसुव्हियसच असं मानतात. जवळ जाऊन बघा, उतारावर द्राक्षवेलींच्या रांगाच रांगा रंगवल्यात, धूर नाही की आग नाही. चित्र काढणाऱ्याला हा डोंगर म्हणजे फक्त पिकणारी जमीन वाटत होती, हे लक्षात आलं आणि मी तिथून हललेच नाही बराच वेळ.

मग कॅथेड्रल. नेपल्सचा रक्षक संत मानल्या जाणाऱ्या जेनारोच्या चॅपेलमधे डोमेनिकिनो या इटालियन चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत, त्यात १६३१ चा उद्रेक संत थांबवतोय असा प्रसंग आहे. त्या उद्रेकात हजारो माणसं गेली आणि डोमेनिकिनो कामाला लागला तो त्याच सुमारास, म्हणजे ज्यांच्यासाठी रंगवत होता त्यांनी ती राख स्वतः झाडलेली. आत गेलात की मागे वळून दाराच्या वर बघा, बरेच जण न बघताच जातात.

कापोदिमोंते या कलासंग्रहालयात फ्रेंच चित्रकार वोलेरचं, मादालेना पुलावरून दिसणाऱ्या उद्रेकाचं चित्र आहे, अठराव्या शतकातलं. लाव्हाचा लाल उजेड आणि पुलावर माणसांची पळापळ. तिथेच अमेरिकन पॉप आर्टवाल्या अँडी वॉरहॉलचा १९८५ चा व्हेसुव्हियस पण आहे, मला तो वोलेरपुढे फिका वाटला. कुठली दालनं उघडी आहेत ते आदल्या दिवशी साइटवर बघून घ्या. आणि हे लिहूनच ठेवा, पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद, कापोदिमोंते बुधवारी.

वोलेरच्या चित्रातला तो पूल आजही आहे. १७६७ च्या उद्रेकानंतर तिथे संत जेनारोचा पुतळा बसवला, हात डोंगराकडे उगारलेला, थांब म्हणतोय असा. आता आजूबाजूला बंदराची वर्दळ आणि ट्रक, फोटोला जागा काही छान नाही, पण चित्र डोक्यात ताजं असेल तर जाच, दिवसाउजेडी जा.

शेवटी डोंगर. पॉम्पेई स्कावी स्टेशनबाहेरून बस मिळते, पण विवराच्या वाटेचं तिकीट वेळेच्या स्लॉटसकट ऑनलाइनच आधी काढा, मला वर मोबाइलला नीट रेंज नव्हती, तिकिटाचा स्क्रीनशॉट होता म्हणून निभावलं. वाट भुसभुशीत खडीची आहे, बूट घालाच, चप्पल नको, जॅकेट ठेवा, वारा खूप असतो. शेवटचा उद्रेक १९४४ चा, विवराच्या कडेला अजून कुठेकुठे वाफ दिसते, बाकी सगळं शांत आणि करडं. डर्बीचा इंग्रज चित्रकार जोसेफ राइट १७७४ मधे इथे आला होता, मोठा उद्रेक त्याला दिसला नाही तरी पुढे त्याने या डोंगराची तीसहून जास्त चित्रं काढली. वर उभं राहिल्यावर मला ते पटलं.

खाली येताना बसमधून उतारावरचे द्राक्षमळे दिसले. परतीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा तिकीट काढून त्या पहिल्या भित्तिचित्रापाशी गेले. तुमच्याकडे अर्धा दिवस उरला तर तेवढं कराच.