मिडी कीबोर्डवर माझी बोटं पन्नाशीतच अडकली होती

माझा हात पेटीवर तयार झाला. पेटीत पट्टी दाबली की हवेला वाट मिळते, एवढंच. आवाज लहान-मोठा होतो तो भात्यामुळे. पट्टी हळू दाबा नाहीतर झटक्यात, सूर तोच. ही सवय घेऊन मी मिडी कीबोर्डवर, म्हणजे कोणती पट्टी कशी दाबली हे संगणकाला कळवणाऱ्या कीबोर्डवर, पियानोचा आवाज लावून वाजवायला बसले, आणि नेमकं काय बिघडतंय हे कितीतरी दिवस कळलंच नाही. सूर बरोबर, लय बरोबर, पण रेकॉर्डिंग ऐकलं की सगळं एकाच पातळीवर, भिंतीपलीकडून आल्यासारखं. जोर लावावा तर एखादाच स्वर अंगावर धावून यायचा आणि त्याच्या पुढचा पुन्हा मागे सरकायचा.

आधी मी आवाज वाढवला. मग कंप्रेसर लावला, म्हणजे लहान-मोठ्या आवाजांतलं अंतर कमी करणारा इफेक्ट. दोन्हीचा उपयोग शून्य, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सॅम्पलवर, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांवर, चालणाऱ्या पियानोत हळू आघाताचा आणि जोरकस आघाताचा आवाज वेगवेगळा रेकॉर्ड केलेला असतो. मी वापरते तो सॅलमँडर ग्रँड पियानो मोफत मिळतो आणि त्यात एकेका स्वराचे असे १६ थर आहेत. खालच्या थरांत स्वर मऊ, गोलसर असतो. वरच्या थरांत त्याला धार येते, तारेचा खणखणाट ऐकू येतो. मऊ थराचा आवाज कितीही वाढवला तरी त्यातून ती धार निघत नाही. मला हवा होता तो रंग, आणि मी फिरवत होते आवाजाचं बटण.

उत्तर सापडलं ते रेकॉर्ड झालेल्या नोटांची यादी उघडल्यावर. १९८३ साली ठरलेल्या मिडीच्या पद्धतीत प्रत्येक स्वरासोबत व्हेलॉसिटीचा एक आकडा जातो, ० ते १२७ यांमधला. त्यातला शून्य म्हणजे ‘स्वर बंद’ असं धरलं जातं, त्यामुळे वाजणाऱ्या स्वराला उरतात १ ते १२७. माझ्या तीन मिनिटांच्या तुकड्यात बहुतेक आकडे ४५ ते ६० यांच्यात होते. अख्ख्या वादनातला सर्वांत मोठा आकडा ८३. म्हणजे पियानोचे वरचे कितीतरी थर माझ्या बोटांनी एकदाही उघडले नव्हते. ती यादी पाहताना मला खरोखर हायसं वाटलं. दुखणं कुठे आहे ते तरी दिसलं.

मग हा आकडा येतो कुठून ते शोधलं. कीबोर्ड आपला जोर मोजतच नाही. साधारणपणे प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना एक आधी जुळतो, दुसरा नंतर. या दोन क्षणांमधला वेळ जितका कमी, तितका आकडा मोठा. म्हणून तर त्याचं नाव व्हेलॉसिटी, म्हणजे वेग. पट्टी तळाला टेकल्यानंतर कितीही रेटा, या आकड्यात काही फरक पडत नाही. तळाला गेल्यावरचा दाब ही आफ्टरटच नावाची वेगळीच गोष्ट आहे. माझी पेटीची सवय इथेच नडत होती. बोट आधी पट्टीवर टेकवायचं, मग वजन देऊन दाबायची आणि धरून ठेवायची. वजन भरपूर, पण खाली जाण्याचा वेग बेताचाच. मी जोर वाढवत होते आणि कीबोर्ड वेळ मोजत होता.

आता मोजमाप करायचं ठरवलं. मधला सी, मिडीतली ६० क्रमांकाची नोट, पाच तऱ्हांनी दहा-दहा वेळा वाजवला: अगदी हळू, हलका, नेहमीसारखा, जोरकस आणि जमेल तितका जोरात. वाजवताना पडद्याकडे बघायचं नाही, हे महत्त्वाचं. आकडा दिसला की बोट त्याच्यामागे धावतं. नंतर यादी पाहिली. अगदी हळू: १८ ते २८. हलका: ३५ ते ४५. नेहमीचा: ४८ ते ५८. जोरकस: ६८ ते ८२. सर्वांत जोरात: ९५ ते १०८. माझ्या हाताचा हा नकाशा मला पहिल्यांदाच दिसत होता. खालची बाजू छान होती. मधला भाग दबलेला होता आणि वरच्या टोकापर्यंत मी पोचतच नव्हते.

कीबोर्डच्या मेनूत व्हेलॉसिटी कर्व्हचे, म्हणजे बोटाच्या कुठल्या वेगाला कुठला आकडा द्यायचा हे ठरवणाऱ्या रेषेचे, चार पर्याय होते: सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड आणि फिक्स्ड (कसंही वाजवा, आकडा एकच). इथे नावांचा घोळ होतो. ‘सॉफ्ट’ म्हणजे हलक्या हाताच्या माणसासाठी, थोड्याशा वेगालाही मोठा आकडा देणारा? की आवाज मऊ करणारा? वेगवेगळे उत्पादक ही नावं वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात. म्हणून नावावर न जाता तीच दहा-दहा आघातांची चाचणी प्रत्येक पर्यायावर केली. माझ्या कीबोर्डवर ‘सॉफ्ट’ने नेहमीचा आघात पंचाहत्तरीला नेला, हे छानच. पण अगदी हळू वाजवलेलं थेट चाळिशीत गेलं. माझ्या वादनात जी एक गोष्ट चांगली होती, ते अलगद टेकलेले स्वर, तीच गेली. परत नॉर्मल.

त्यातच एक संध्याकाळ मी फुकट घालवली. नॉर्मल ठेवूनही आकडे शंभराच्या पुढे जाऊ लागले. कितीतरी वेळाने लक्षात आलं की मागे कधीतरी वैतागून मी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही एक कर्व्ह लावला होता आणि तो तसाच राहिला होता. कीबोर्ड, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि खुद्द पियानोचा आवाज देणारं प्लगइन, अशा तिन्ही जागी कर्व्ह बदलता येतो, आणि ते एकमेकांवर चढतात. सगळीकडे सरळ रेषा केली, म्हणजे आलेला आकडा तसाच पुढे जाईल, आणि ठरवलं, वळण द्यायचं ते एकाच जागी.

जागा मी सॉफ्टवेअरमधली निवडली, आणि तीही रेकॉर्डिंगच्या नंतरची. रीपर या माझ्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इनपुटवर, म्हणजे नोंद होण्याआधी, लावलेला इफेक्ट बदललेले आकडेच नोंदवतो. ट्रॅकवर लावलेला इफेक्ट मूळ आकडे तसेच ठेवतो आणि वाजवताना बदलतो. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण आज काढलेला कर्व्ह महिन्याने चुकीचा वाटला तर माझ्या बोटांची खरी नोंद शाबूत असते. कीबोर्डमधल्या कर्व्हचीही एक जमेची बाजू आहे: तो वेळेच्या मोजमापावरूनच आकडा ठरवतो. सॉफ्टवेअरला मात्र आधीच ठरलेले १२७ आकडे ताणावे लागतात, त्यामुळे मधले काही आकडे कधीच वाजत नाहीत. सोळा थरांच्या पियानोत मला हा फरक ऐकू आला नाही.

कर्व्ह हाताने काढला. २५पर्यंत काहीच बदल नाही. ४० आला तर ४८, ५५ आला तर ७२, ८० आला तर १०२, १०५ आला तर १२२. मधल्या भागाला उचल दिली, खालचा भाग जपला, आणि वर थोडी जागा मुद्दाम मोकळी सोडली, म्हणजे एखाद्या ठिकाणी खरंच जोर आला तर तो कुठेतरी जाईल. ‘सरळ रेषा’ कानालाही सरळ ऐकू येते असं नाही, हेही इथेच उमगलं. बऱ्याच मिडी वाद्यांत आवाजाची पातळी या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तिथे ६४ म्हणजे १२७च्या निम्मा आवाज नव्हे, तर सुमारे १२ डेसिबल खालचा. म्हणून नुसते आकडे जुळवून भागत नाही. दोन आकडे बदलायचे, डोळे मिटून तोच तुकडा वाजवायचा, पुन्हा बदलायचे. असे चार-पाच दिवस गेले.

तरीही मधल्या सीच्या वरचा एफ शार्प अधूनमधून ११५ला उडायचा. मी त्याचा दोष माझ्या अनामिकेला देत होते आणि तिचा रियाज वाढवत होते. मग तीच पट्टी वेगवेगळ्या बोटांनी वाजवून पाहिली. कुठल्याही बोटाने तेच. कीबोर्ड उघडला, रबरी पट्टी उचलली आणि खाली धूळ. पहिला संपर्क उशिरा जुळत होता, म्हणून दोन संपर्कांमधला वेळ खोटाच कमी भरत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने हलकेच पुसलं, पूर्ण वाळू दिलं, बंद केलं. एफ शार्प शेजाऱ्यांच्या रांगेत आला. कर्व्हला हात घालण्याआधी प्रत्येक पट्टी एकदा तपासायला हवी होती, हे तेव्हा कळलं.

अनामिका खरोखर कमजोर होतीच, पण ती सगळ्या पट्ट्यांवर सारखी कमजोर होती. तिच्यासाठी कर्व्ह नाही. तिच्यासाठी फक्त सराव. काळ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत पांढरी पट्टी दाबताना आकडे घसरतात, तेही तसंच. तिथे टेकू जवळ असल्यामुळे पट्टी जड लागते, हे हातानेच शिकावं लागतं. आणि खुर्ची! कीबोर्ड उंच मेजावर होता, मनगटं वर वाकलेली. खुर्ची थोडी उंच केली तेव्हा त्याच ‘नेहमीच्या’ आघाताचे आकडे पाच-सहाने वाढले. मग कर्व्हचा मधला बिंदू ७२वरून ६८वर आणला.

आता माझ्याकडे तीन सेटिंग्ज साठवलेली आहेत. पियानोचं हे. ऑर्गनसाठी फिक्स्ड १००, कारण तिथे बोटाच्या वेगाला अर्थच नाही आणि माझी पेटीची सवय तिथे सुखाने नांदते. ड्रमसाठी सरळ रेषा, कारण मुख्य ठोक्यांच्या मधले अगदी बारीक ठोके मला विशीतच ठेवायचे असतात.

तो तीन मिनिटांचा तुकडा काल पुन्हा रेकॉर्ड केला. बदललेले आकडे २० ते ११९ यांच्यात पसरले आहेत. उजव्या हाताची चाल डाव्याच्या वर उठून येते, त्यासाठी कुठलंही बटण फिरवलेलं नाही. शेवटचा स्वर २२वर टेकला आहे, इतका हळू की जरा पुढे झुकून ऐकावं लागतं. त्याला मी हात लावलेला नाही.