दहावीनंतर कुठे, हे आठवीत ठरू लागते

एस.एस.एल.सी.चा, म्हणजे कर्नाटकातील दहावीचा, निकाल लागला की बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील गावोगावी गुणगौरव समारंभांची रांग लागते. गावातील युवक मंडळ, सहकारी सोसायटी किंवा माजी विद्यार्थी संघ पुढाकार घेतो, व्यासपीठावर नारळ, शाल आणि फाइलींचा ढीग असतो, आणि शेवटी बाहेरगावाहून आलेले पाहुणे ‘दहावीनंतर पुढे काय’ या विषयावर तासभर बोलतात. पाहुणे पुण्याचे किंवा कोल्हापूरचे असतील, तर त्या तासातील बराच वेळ महाराष्ट्रातील अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशफेऱ्यांवर जातो. समोर बसलेल्या मुलांना त्या फेऱ्यांशी काहीही कर्तव्य नसते, कारण त्यांना पी.यू.सी.ला, म्हणजे कर्नाटकातील अकरावी-बारावीला, जायचे असते आणि त्यांपैकी अर्ध्याअधिक मुलांनी प्रवेश घेऊनही टाकलेला असतो. या समारंभांना माझा विरोध नाही. शाबासकी मिळालीच पाहिजे. परंतु त्याला मार्गदर्शन म्हणू नये. मी सीमाभागातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, आणि दहावीनंतरच्या वाटेची तयारी आठवीच्या वर्गात सुरू झाली नाही तर निकालानंतरचे कोणतेही व्याख्यान ती भरून काढू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आठवीच का, याचे पहिले कारण व्यवहाराचे आहे. एन.एम.एम.एस. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीतच द्यावी लागते. सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत शिकणाऱ्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असणाऱ्या मुलांना ती देता येते, आणि निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आमच्या भागातील मराठी शाळांतील बहुतेक मुले या अटींत बसतात, तरी अनेक शाळांतून अर्ज जातात ते मोजकेच. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे प्रत्येकी ९० गुणांचे दोन पेपर असतात. निवड झाली नाही तरी मुलाला गोल रंगवून उत्तरे देण्याची ओ.एम.आर. पत्रिका प्रथमच हाताळायला मिळते, वेळ लावून प्रश्न सोडवण्याची सवय लागते आणि, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते म्हणजे, घरच्यांना नाडकचेरीत (स्थानिक महसूल कार्यालयात) जाऊन उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. पुढच्या सगळ्या प्रवासात जी कागदपत्रे आडवी येतात, त्यांतील पहिले असे तयार होते.

दुसरे कारण भाषेचे आहे आणि ते अधिक खोल आहे. दहावीपर्यंत मराठी ही प्रथम भाषा असते, तिचा पेपर १२५ गुणांचा असतो, आणि विज्ञान, गणित, समाजशास्त्र हे सारे मराठीतून शिकवले जाते. पी.यू.च्या विज्ञान शाखेत मात्र पहिल्या दिवसापासून सर्व इंग्रजीतून चालते. दहावीला नव्वद टक्के मिळवलेला मुलगा फर्स्ट पी.यू.च्या (अकरावीच्या) पहिल्याच चाचणीत भौतिकशास्त्रात कसाबसा उत्तीर्ण होतो आणि घरी समजूत होते की पोरगे बेळगावला गेल्यावर बिघडले. बिघडलेले काही नसते. गतीचे नियम त्याला येत असतात, गणिताची रीत येत असते. प्रश्न कशाबद्दल आहे हे वाचून ओळखणे त्याला जमत नसते. कॉलेजमध्ये शेजारच्या बाकावर इंग्रजी माध्यमाची मुले असल्यामुळे तो विचारतही नाही, आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत त्याची खात्री पटते की सायन्स आपल्यासाठी नव्हते. माझ्या पाहण्यात हुशार मुलांची सर्वाधिक गळती याच तीन-चार महिन्यांत होते. नापास होऊन बाहेर पडणारी मुले त्या मानाने थोडी.

यावरचा उपाय इंग्रजी संभाषणाचे वर्ग हा नव्हे. आपली नववी-दहावीची विज्ञान आणि गणिताची पुस्तके एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकांवरच आधारलेली आहेत, त्यामुळे धड्यांचा क्रम, आकृत्या आणि बरीचशी उदाहरणे इंग्रजी पुस्तकाशी जुळतात. धडा मराठीतून पूर्ण समजल्यानंतर त्याच धड्याची दोन पाने इंग्रजीतून वर्गात मोठ्याने वाचायची, आकृतीतील नावे इंग्रजीतून लिहायची, आणि स्वाध्यायातील एक प्रश्न इंग्रजीतून सोडवायचा, एवढे नववीपासून आठवड्यातून एकदा केले तरी दोन वर्षांत पुस्तकाची भीती जाते. क्रम मात्र उलटा करू नये: आधी मराठीतून समज, मग इंग्रजीतून वाचन. मराठी माध्यमाच्या मुलाचे खरे भांडवल त्याची समज असते आणि तेच घाईघाईने मोडून टाकणाऱ्या ‘सेमी’च्या प्रयोगांविषयी मला फारशी आस्था नाही. दहावीची परीक्षा संपून पी.यू. सुरू होईपर्यंतचे दिवसही हातचे घालवू नयेत, एन.सी.ई.आर.टी.ची अकरावीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि त्यांतील भौतिकशास्त्राचे व गणिताचे पहिले दोन धडे हळूहळू वाचून काढले तर जूनमधला धक्का बराच सौम्य होतो.

कन्नडविषयीही येथेच लिहितो, कारण हा विषय टाळण्याकडे आपला कल असतो. सीमाप्रश्नाबद्दल कोणाचे काहीही मत असो, आणि माझेही आहे, मुलाला कन्नड वाचता-लिहिता न येणे ही त्याच्या वाटेतील अडचण आहे. कर्नाटक शासनाच्या नोकरीसाठी कन्नड भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, बँकेच्या स्थानिक शाखेत किंवा दवाखान्यात काम करायचे तर कन्नड बोलणाऱ्या ग्राहकाशी आणि रुग्णाशी बोलता आले पाहिजे. कन्नडचा तास गणिताच्या जादा तासासाठी वापरणाऱ्या शाळा मुलांचे भले करत नाहीत.

पी.यू.मधील विषयगटाचा निर्णय आमच्याकडे बहुधा मित्राने काय घेतले यावरून होतो. विज्ञानात पी.सी.एम.बी. म्हणजे भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र, पी.सी.एम.सी.मध्ये जीवशास्त्राच्या जागी संगणकशास्त्र येते. मेडिकलचा विचार असणाऱ्याने जीवशास्त्र सोडून चालत नाही आणि इंजिनिअरिंगचा विचार असणाऱ्याने गणित, हे उघड आहे. ज्याचे अजून ठरलेले नाही त्याने पी.सी.एम.बी. घ्यावे, ओझे जास्त असले तरी दारे उघडी राहतात. वाणिज्य शाखेबद्दल मात्र एक सांगतो: हिशेबाची आवड असलेल्या मुलाला केवळ गुण चांगले आहेत म्हणून सायन्सला ढकलण्याची रीत वाईट आहे. मराठी हा भाषा विषय पी.यू.च्या यादीत आहे, पण प्रत्येक कॉलेजात त्याचा प्राध्यापक असतोच असे नाही, तेव्हा प्रवेशाआधी विचारून घ्यावे.

आता ज्या गोष्टीत सीमाभागातील विद्यार्थ्याची स्थिती इतरांहून वेगळी आहे, त्या प्रवेशपरीक्षांकडे येतो. कर्नाटकातील इंजिनिअरिंगसाठी के.सी.ई.टी. ही राज्याची प्रवेशपरीक्षा असते. प्रत्येक विषयाला ६० प्रश्न, ८० मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि क्रमांक ठरवताना सी.ई.टी.चे व सेकंड पी.यू.चे (बारावीचे) गुण निम्मे-निम्मे धरले जातात. म्हणजे सी.ई.टी.च्या क्लासपायी पी.यू.च्या परीक्षेकडे दुर्लक्ष करणे हे सरळ नुकसानीचे आहे. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि कन्नडमध्ये असते. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी १५ टक्के जागा राखीव असतात आणि कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी ५ टक्के. मराठी माध्यमाच्या मुलांना दुसरी सवलत मिळत नाही, पण येळ्ळूर, उचगाव, कडोली किंवा नंदगडसारख्या गावांत दहाही वर्षे शिकलेल्या मुलांनी पहिल्या सवलतीसाठी आपली शाळा ग्रामीण हद्दीत मोडते का, हे वेळेत तपासून प्रमाणपत्र घ्यावे. कृषी पदवीसाठी शेतकरी कुटुंबांतील मुलांना वेगळ्या राखीव जागा आहेत आणि त्यांसाठी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. धारवाडचे कृषी विद्यापीठ इतके जवळ असूनही, ज्यांच्या घरी ऊस आणि भात पिढ्यान्‌पिढ्या पिकतो त्या मुलांना ही वाट कोणी सांगत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशाच्या नियमांत विवादित सीमाभागातील, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रकार आहे, आणि वैद्यकीय प्रवेशातही सीमाभागासाठी जागा ठेवलेल्या असतात. त्यासाठी गाव सीमाभागात येत असल्याचा दाखला आणि मातृभाषेचा दाखला ठरावीक नमुन्यांत लागतो. महाराष्ट्राची प्रवेशपरीक्षा एम.एच.टी.-सी.ई.टी. संगणकावर होते, २०० गुणांची असते, आणि तिच्यात अकरावीच्या अभ्यासक्रमावर सुमारे २० टक्के, तर बारावीच्या अभ्यासक्रमावर ८० टक्के प्रश्न असतात. पुणे-कोल्हापूरच्या कॉलेजांचा विचार असेल तर फर्स्ट पी.यू. संपेपर्यंत हे ठरलेले असावे. निपाणी भागातील अनेक मुले अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात अकरावी-बारावी करतात; कॉलेज निपाणीला अगदी लागून, पण हद्द कागल तालुक्याची. त्यांच्या पालकांना काळजी असते की मूल आता कर्नाटकाला मुकले. तसे होत नाही: कर्नाटकातील शाळांत किमान ७ वर्षे शिक्षण आणि दहावी किंवा सेकंड पी.यू. येथून उत्तीर्ण, ही मुख्य अट ते पूर्ण करते, त्यामुळे के.सी.ई.टी.ला बसता येते.

नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या, बाबतीत एक बारकावा हमखास चुकतो. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, पण मराठी प्रश्नपुस्तिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. बेळगावच्या केंद्रावर बसणाऱ्याला इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड यांतून निवड करावी लागते. तरीही, दोन वर्षे इंग्रजीतून पी.यू. केलेल्या मुलाने केवळ भाषेसाठी कोल्हापूरचे केंद्र घ्यावे, असे मी म्हणणार नाही. १८० प्रश्नांत चुकीच्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा होतो. तेथे ज्या शब्दांत अभ्यास केला त्याच शब्दांत प्रश्न समोर येणे हिताचे असते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरील आर.डी. क्रमांक प्रत्येक अर्जात लागतो, तो वहीत लिहून ठेवावा. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३ ब प्रवर्गात येतो. हा दाखला महाराष्ट्रातील आरक्षणासाठी चालत नाही. आधार कार्डावरील आणि शाळेच्या रजिस्टरमधील नावाचे स्पेलिंग आठवीतच ताडून पाहावे, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर चुकीचे नाव छापले गेले की दुरुस्तीला लागणारा वेळ नेमका प्रवेशाच्या दिवसांत जातो.

डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्या पलीकडे बेळगावात जे आहे, त्याकडे मुलांचे लक्ष जावे म्हणून मी त्यांना उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत नेण्याचा आग्रह धरतो. तेथील फाउंड्रींत ओतकाम, मशीनिंग आणि हायड्रॉलिक्सचे सुटे भाग होतात, हत्तरगी येथे विमानांचे भाग बनतात. त्या कामांना डिप्लोमा आणि आय.टी.आय. झालेली मुले लागतात. दहावीनंतर ३ वर्षांचा डिप्लोमा करून डी.सी.ई.टी. या प्रवेशपरीक्षेद्वारे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आय.टी.आय.चा २ वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. बेळगावच्या जी.टी.टी.सी. या सरकारी प्रशिक्षण केंद्रात टूल अँड डाय मेकिंग, म्हणजे हत्यारे व साचे बनवणे, शिकवले जाते. ज्या घरात पी.यू. आणि क्लास यांची फी जड जाते, तेथे ही वाट कमी प्रतीची समजू नये, हे पालकांना पटवणे मात्र मुलांना पटवण्याहून अवघड जाते.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्यामुळे सैन्याचे आकर्षण आमच्याकडे स्वाभाविक आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. परंतु अग्निवीर म्हणून निवड ४ वर्षांसाठी होते, पुढे जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात, आणि आता धावण्याच्या चाचणीआधी ऑनलाइन लेखी परीक्षा असते. पहाटे मैदानावर जाणाऱ्या मुलाने पी.यू. सोडू नये, असे मी त्याच्या घरी जाऊन सांगतो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी परत आला तर हातात बारावी तरी असावी.

मुलींच्या बाबतीत शिक्षण थांबण्याचे कारण पूर्वी हमखास अंतर असे. जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो, त्यामुळे खानापूरहून बेळगावला पी.यू.साठी रोज ये-जा करणाऱ्या मुली दिसू लागल्या आहेत. संध्याकाळच्या शेवटच्या बसची वेळ कॉलेजच्या प्रॅक्टिकलशी जुळत नाही, हा प्रश्न मात्र राहतो, आणि तो सोडवण्यासाठी पालकांनी डेपोत एकत्र जाऊन निवेदन द्यावे लागते.

राहिली दहावीत अडखळलेली मुले. २०२४ पासून एस.एस.एल.सी.ची परीक्षा एका वर्षात एकाहून अधिक वेळा होते, आणि विषय राहिलेल्या किंवा गुण वाढवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला पुढच्या फेऱ्यांना बसता येते. निकालाच्या दिवशी शाळेत फक्त पेढे वाटणारे शिक्षक न थांबता, दुसऱ्या परीक्षेचा अर्ज भरून घेणारा एक शिक्षकही थांबला पाहिजे, कारण त्या अर्जाची मुदत फार थोडी असते आणि ज्या मुलाला त्याची गरज असते ते मूल त्या दिवशी शाळेत येत नाही; त्याच्या घरी जावे लागते.