अमिबाची नोंदवही : पुढची बाजू कोण ठरवतं?

ठाण्यातल्या कचराळी तलावाच्या कडेची कुजकी पानं बरणीत घालून आज २१ दिवस झाले. आधी सूक्ष्मदर्शकात नुसते पॅरामेशियम (चपलेच्या आकाराचे एकपेशीय जीव) दिसत होते. उकडलेल्या तांदळाचे चार दाणे टाकल्यावर, दुसऱ्या आठवड्यात तळाच्या गाळात अमिबा सापडले. ड्रॉपर तळाशी टेकवून, पाणी अजिबात न ढवळता उचलायचं. पाणी नळाचंच, पण दोन रात्री उघडं ठेवलेलं.

माझे दोन रविवार दिव्यामुळे फुकट गेले. सूक्ष्मदर्शकाचा एलईडी पूर्ण उजेडावर ठेवला की अमिबा थबकतो, आतला प्रवाहही थांबतो. तो मेला असं समजून मी काचपट्ट्या धुऊन टाकत होतो! उजेड कमी करून हिरवा जिलेटिन कागद लावला, तर पाच-सात मिनिटांत तेच अमिबा चालायला लागले. आयपीसमधल्या मोजपट्टीवर सुमारे ४०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांबीचा एक अमिबा मिनिटाला साधारण १५० मायक्रॉन सरकला.

खरी मजा शनिवारी रात्री आली. पापणीचा गळलेला केस काडीला चिकटवून, वरची पातळ काच (कव्हरस्लिप) न ठेवता, चालत्या अमिबाच्या पुढच्या टोकाला हलकेच टेकवला. तिथला प्रवाह थांबला. काही सेकंद आतले सगळे कण जागच्या जागी घुटमळले, मग कुशीतून एक फुगवटा आला आणि कण तिकडे वळले. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनेही एक छद्मपाद, म्हणजे चालण्यासाठी पुढे काढलेला तात्पुरता पाय, निघाला होता. दोघे मिनिटभर वाढत राहिले, आणि मग दुसरा आपोआप आखडला. मागचं सुरकुतलेलं टोक मात्र शेवटपर्यंत मागचंच राहिलं. सात वेळा करून पाहिलं, पाच वेळा असंच झालं.

शाळेत छद्मपादाची आकृती काढली, पण दोनातला एकच का जिंकतो हे कुणी विचारलं नव्हतं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत पुढच्या कडेला ॲक्टिन या प्रथिनाचे धागे वाढून पेशीपटल पुढे ढकलतात, मागे मायोसिन हे दुसरं प्रथिन धागे आवळतं, आणि दोन्ही बाजू एकमेकींना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. एक कड पुढे सरकली की पेशीपटल सगळीकडे ताणलं जातं आणि तो ताण दुसरीकडे नवी कड उगवू देत नाही, हे २०१२ साली प्रयोगांनी दाखवलं. अमिबा जास्त करून आतल्या द्रव्याच्या दाबावर चालतो, त्यामुळे हेच कारण त्याला जसंच्या तसं चिकटवायला मी तयार नाही. पण स्पर्धा तीच दिसते.

१९९९ सालचा एक प्रयोग तर डोक्यातून जात नाही. ब्लॅक टेट्रा माशाच्या खवल्यावरच्या पेशींचे केंद्रक नसलेले तुकडे, गोल आणि स्थिर. बारीक नळीतून द्रवाची धार एका बाजूने मारली, की तुकडा चंद्रकोरीसारखा होऊन चालू लागायचा आणि धार थांबल्यावरही चालतच राहायचा. केंद्रक नाही, दिशा दाखवणारं रसायन नाही, फक्त एक ढकल!

म्हणून आता केस पुढच्या टोकाला न लावता मागच्या सुरकुत्यांना लावणार आहे. मोबाइल आयपीसवर बसवून दर दोन सेकंदांना एक फोटो घेईन. तुमच्यापैकी कुणी उपवन किंवा मासुंदा तलावाच्या पाण्यातले अमिबा वाढवले असतील, तर त्यांची लांबी आणि मिनिटाचा वेग मोजून कळवा. उजेड किती ठेवला तेही लिहा.