उत्तरायणाच्या दिवसांतील पाने

वडोदरा, १० जानेवारी

आजपासून करुणा अभियान सुरू झाले. पतंगाच्या दोरीने जखमी होणाऱ्या पक्ष्यांसाठी गुजरातमध्ये २०१७पासून दरवर्षी १० ते २० जानेवारी या काळात वनखाते, पशुपालन खाते आणि स्वयंसेवक मिळून हे काम करतात. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी त्यामुळे संक्रांतीची, म्हणजे इथल्या उत्तरायणाची, तयारी दुहेरी असते. आई तीळ भाजायला घेते आणि मी वाण्याकडून पुठ्ठ्याची रिकामी खोकी मागून आणते, त्यांना चारी बाजूंनी भोके पाडते आणि तळाशी जुन्या सुती लुगड्याचे तुकडे अंथरते. टर्किश टॉवेल मी कधीच वापरत नाही, कारण त्याच्या धाग्यांच्या फासांत पक्ष्यांची नखे अडकतात आणि आधीच घाबरलेला जीव सुटण्याच्या धडपडीत आणखी दुखावतो.

संध्याकाळी कचेरीतून येताना रस्त्याच्या कडेला मांजा सुतवणारे कारागीर दिसले. खांबाखांबांमधून ताणलेल्या गुलाबी दोऱ्यांवरून काचेची पूड मिसळलेली खळ फिरवत ते मागेपुढे चालत होते आणि प्रत्येकाच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. जी दोरी बनवताना बोटांना चिंध्या बांधाव्या लागतात, ती एखाद्या पंखाचे काय करत असेल हे निराळे सांगायला नको. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या आणि कृत्रिम धाग्याच्या मांजावर देशभर बंदी घातली, ते अत्यंत आवश्यकच होते, कारण तो धागा तुटत नाही आणि कुजतही नाही. मात्र सुती दोरी म्हणजे निर्धोक दोरी, असा जो समज त्यानंतर पसरला आहे, तो मला मान्य नाही. काच लावलेली सुती दोरीही कापतेच.

रात्री वाड्यातल्या मुलांना जमवून एवढेच सांगितले, की सकाळी नऊपूर्वी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उडवू नका. पक्षी सकाळी चाऱ्यासाठी बाहेर पडतात आणि संध्याकाळी रातथाऱ्याकडे परततात. त्या दोन वेळा आकाश त्यांना मोकळे मिळाले, तरी पुष्कळ जीव वाचतील. मुले लगेच कबूल झाली. मोठ्यांना समजावणे मला नेहमीच अधिक कठीण गेले आहे.

१२ जानेवारी

आज विशेष काही घडले नाही. पहाटे नेहमीप्रमाणे गल्लीतल्या कुत्र्यांना हळद घातलेला बिनमिठाचा भात आणि उकडलेली अंडी दिली, मातीची पसरट भांडी घासून त्यांत ताजे पाणी भरले आणि म्हाताऱ्या काळूच्या कानातली जखम धुऊन औषध घातले. बिस्किटे देऊ नका, असे मी येणाऱ्याजाणाऱ्यांना अजूनही सांगत असते. साखर आणि मैदा यांनी कुत्र्याचे पोट भरल्यासारखे होते, पण त्याच्या अंगी काही लागत नाही.

१४ जानेवारी

दुपारपर्यंत तीन कबुतरे आणि एक पोपट अभियानाच्या उपचार केंद्रावर पोचवले. पाच वाजून गेल्यावर पलीकडच्या वाड्यातला मुलगा धापा टाकत आला आणि म्हणाला, "मावशी, आमच्या गच्चीवर मोठा पक्षी पडलाय, चोच वाकडी आहे, कोणाला जवळ येऊ देत नाही." तो काळा शराटी होता. डोक्यावरचा लाल डाग आणि खांद्याजवळचा पांढरा पट्टा यांवरून तो दुरूनही ओळखू येतो. आमच्या शहरातल्या उंच झाडांवर संध्याकाळी या पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि नेमक्या त्याच वेळी गच्च्यागच्च्यांवरून पतंग कापल्याचा "काय पो छे" असा ओरडा टिपेला पोचलेला असतो.

मी मागून जाऊन त्याच्यावर सुती चादर टाकली. डोळे झाकले गेले की पक्षी बराचसा शांत होतो, हा अनुभव मला नेहमी येतो. पंख शरीराशी धरून त्याला मांडीवर घेतले तेव्हा चादरीतून त्याच्या छातीची धडधड हातांना जाणवत होती. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा जो पातळ पडदा ताणलेला असतो, त्यात दोरी शिरून हाडापर्यंत रुतली होती आणि तिच्याभोवती पिसे रक्ताने चिकटली होती. असा धागा ओढून काढायचा नसतो. ओढला, तर तो स्नायू आणि स्नायुबंध करवतीसारखा कापत जातो, आणि स्नायुबंध तुटला तर जखम भरूनही पक्षी पुन्हा उडत नाही. म्हणून मी जखमेच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून दोरी कापली, आतला तुकडा तसाच राहू दिला, स्वच्छ कापूस हलकेच दाबून धरला आणि पंख मिटलेल्या स्थितीत कापडाच्या पट्टीने अंगाशी बांधून त्याला खोक्यात ठेवले.

मुलाची आजी मायेने वाटीत पाणी घेऊन आली होती. तिला म्हटले, "आजी, आत्ता त्याच्या चोचीत पाणी घालू नका. घाबरलेल्या पक्ष्याच्या श्वासनळीत पाणी गेले, तर तो तेवढ्यानेच जातो." त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि केंद्रावर जाईपर्यंत खोके आपल्या मांडीवर धरून त्या रिक्षात माझ्याशेजारी बसल्या. पशुवैद्यांनी भूल देऊन टाके घातले. स्नायुबंध अर्धवट शाबूत आहे, पंखाची उघडझाप कितपत होते ते काही आठवड्यांनी कळेल, असे ते म्हणाले.

घरी परतेपर्यंत हळदीकुंकवाच्या बायका येऊन गेल्या होत्या.

१५ जानेवारी

आज किंक्रांत, म्हणजे इथली वासी उत्तरायण. पतंग कालच्याइतकेच होते, पण आजचा दिवस मला गाईंसाठी धावपळ करण्यात घालवावा लागला.

उत्तरायणाला गाईला घुगऱ्या घालण्याची इथे जुनी चाल आहे. गहू किंवा बाजरी शिजवून, त्यात गूळ आणि तेल घालून घराघरांतून पातेली बाहेर येतात, आणि एकाच चौकात उभ्या असलेल्या दोनचार गाईंपुढे सकाळपासून दुपारपर्यंत ती रिकामी होत राहतात. देणाऱ्या प्रत्येकाला वाटते की आपण ओंजळभरच दिले, आणि ते खरेही असते. पण गाईच्या पोटात त्या सगळ्या ओंजळी एकत्र होतात. गाईचे पोट गवत आणि कडबा रवंथ करून सावकाश पचवण्यासाठी घडलेले असते. एकदम एवढे धान्य गेले, की ते पोटाच्या मोठ्या कप्प्यात झपाट्याने आंबते, आम्ल वाढते, पचन घडवणारे सूक्ष्म जीव मरतात आणि रवंथ थांबते. मग पोट फुगते, जनावर डगमगू लागते, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर दोनेक दिवसांत मरते. रस्त्यावरच्या गाईच्या पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा आधीच असतो, त्यामुळे तिची अवस्था आणखी बिकट होते.

चौकातली तांबडी गाय सकाळी भिंतीला टेकून उभी होती, मान ताणलेली, तोंडातून लाळ गळत होती, आणि डावी कूस ढोलासारखी टणक झाली होती. १९६२ या क्रमांकावर फोन करून करुणा रुग्णवाहिका बोलावली. डॉक्टरांनी नळी घालून पोटातला वायू काढला, खाण्याच्या सोड्याचे द्रावण पाजले, शिरेतून औषध दिले. तेवढ्यात समोरच्या काकू घुगऱ्यांचे पातेले घेऊन आल्या.

"अगं, संक्रांतीचे पुण्य असते. आमच्या सासूबाईंच्या वेळेपासून घालतो आम्ही," त्या म्हणाल्या.

"काकू, सासूबाईंच्या वेळी गाय गोठ्यात असायची आणि तिच्या वाट्याला एकाच घरच्या घुगऱ्या यायच्या. आता पाहा ना, हिची कूस हाताला दगडासारखी लागते आहे. पुण्य करायचेच असेल, तर आपण पांजरपोळात सुक्या चाऱ्याचे पैसे भरू. मीही तुमच्याबरोबर येते."

काकूंनी गाईच्या कुशीला हात लावून पाहिला आणि पातेले झाकून परत नेले. त्यांची श्रद्धा खोटी आहे असे मला मुळीच वाटत नाही. किंबहुना जनावरासाठी काहीतरी करावे ही ऊर्मी या शहरात घरोघरी आहे, मराठी घरांत आहे तशीच गुजराती घरांतही आहे. परंतु ती ऊर्मी बहुतेक वेळा खाऊ घालण्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ज्याला खायला घालतो त्याचे पोट कसे चालते, तो कशाने आजारी पडतो, त्याला पिल्ले झाली तर त्यांचे पुढे काय होते, हे जाणून घेण्याचे काम कंटाळवाणे असते, त्यात कोणी पाठ थोपटत नाही, आणि तरी माझ्या मते खरी जबाबदारी तीच आहे.

१७ जानेवारी

सुटीचा उपयोग करून आम्ही काही जण बांबूला आकडी बांधून झाडांवरची दोरी उतरवत फिरलो. सण दोन दिवसांचा असला, तरी फांद्यांत आणि तारांत अडकलेली दोरी पुढे कित्येक महिने पक्षी पकडत राहते. विजेच्या तारांजवळ आम्ही जात नाही. तिथले काम वीज कंपनीच्या माणसांनीच करायचे. उतरवलेला गुंता कात्रीने बारीक कापून मगच टाकतो, नाहीतर तो कचऱ्याच्या ढिगावरच्या गाईच्या पोटात किंवा बगळ्याच्या पायात जातो.

कमाटीबागेत जाताना विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी दिसली. काठावर एक मोठी मगर ऊन खात पडली होती आणि दोन तरुण पुलावरून तिच्याकडे ब्रेडचे तुकडे फेकत होते. मी त्यांना थांबवले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत मगरीला स्थान आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी माणूस म्हणजे खाणे असे समीकरण तिच्या मनात बसवणे हे तिच्यासाठी आणि नदीकाठी राहणाऱ्या लोकांसाठी सारखेच घातक आहे. ऑगस्ट २०२४च्या पुरात तीन दिवसांत वस्त्यांमधून २४ मगरींची सुटका वनखात्याला करावी लागली होती. मगरीचे भले तिच्यापासून लांब राहण्यात आणि नदीत घाण व राडारोडा न टाकण्यातच आहे. तरुणांनी ऐकून घेतले आणि उरलेला ब्रेड पिशवीत ठेवला.

१९ जानेवारी

संध्याकाळी गल्लीतल्या रहिवाशांची बैठक झाली. विषय कुत्र्यांचाच. एका काकांना मागच्या महिन्यात कुत्रे चावले होते. त्यांचा संताप रास्त होता आणि मी तो पूर्ण ऐकून घेतला. चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जायचे, हे त्यांना त्या वेळी कोणी सांगितले नव्हते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून या बाबतीत प्राणिप्रेमाच्या नावाखाली कोणी ढिलाई करू नये, असे मी तिथेही स्पष्ट बोलले.

सगळी कुत्री उचलून दूर सोडा, अशी मागणी होती. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्रे जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी रेबीजची किंवा आक्रमक कुत्री वगळून हेच सांगितले, आणि खाणे ठरवून दिलेल्या जागीच द्यावे असेही बजावले. शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारासाठी त्याच न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५चा आदेश निराळा आहे, तिथून उचललेली कुत्री परत तिथे सोडायची नसतात. आमच्या गल्लीला तो लागू नाही. या पद्धतीमागचे कारण मी समजावून सांगितले. गल्ली रिकामी झाली, की उष्ट्याखरकट्याच्या ओढीने नवी, लस न घेतलेली कुत्री तिथे येतात आणि हद्दीसाठी भांडणे सुरू होतात. उलट एखाद्या भागातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळालेली असेल, तर रेबीजची साखळी तुटते. त्यासाठी कुत्री ओळखीची आणि जागच्या जागी असावी लागतात.

शाळेच्या वाटेवर खाणे द्यायचे नाही, मागच्या बोळातल्या कोपऱ्यातच द्यायचे आणि जागा लगेच झाडून घ्यायची, हे मी आणि खायला घालणाऱ्या इतरांनी कबूल केले. काकांनीही पालिकेच्या अर्जावर सही केली. अर्जाला जोडलेल्या यादीत प्रत्येक कुत्र्याचा रंग, वय, कानाला नसबंदीची खूण आहे की नाही आणि लस केव्हा झाली, हे मी लिहून ठेवले आहे.

खूण नसलेली एकच मादी उरली आहे, चंपी. उद्या सकाळी पालिकेची गाडी तिला शस्त्रक्रियेसाठी न्यायला येणार आहे. भूल देताना पोट रिकामे असावे लागते, नाहीतर उलटी होऊन ती श्वासनळीत जाऊ शकते. म्हणून आज रात्री तिला कोणीही काही द्यायचे नाही. घरोघरी निरोप दिला. दूधवाले काका तेवढे राहिले. ते पहाटे पाचला येतात आणि तिला रोज वाटीभर दूध घालतात, तेव्हा त्यांना आत्ताच फोन करते.