पाणी ठेवलं, पण भांडं घासलं का?

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी शेजारच्या आजींनी आमचं दार वाजवलं. त्यांना मी नावानेच हाक मारते, इथे इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये तीच रीत आहे. पण मनात त्या पहिल्या दिवसापासून आजीच. हातात रबरी मोजे, चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "तू पक्ष्यांसाठी ठेवतेस त्या पाण्यापाशी एक ग्रीनफिंच मरून पडलाय. थोडे दिवस ते पाणी काढून ठेवशील का?"

मला ते इतकं लागलं की धड उत्तरही देता आलं नाही. 'बरं' म्हटलं आणि दार लावून घेतलं.

तो पक्षी मी दोन दिवस बघत होते. चिमणीएवढाच, पण अंगाने भरलेला. शेवाळी हिरवा, पंखाच्या कडेला पिवळी रेघ, जाड चोच. पिसं फुगवून पाण्याच्या काठावर बसून राहायचा. मी खिडकीशी गेले तरी उडायचा नाही. चोचीखालची पिसं ओली, चिकट दिसत होती. मला वाटलं, थंडीने गारठलाय. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं की निदान हा एक तरी मला घाबरत नाही. फोटो काढून आईला पाठवला होता, 'बघ, पाहुणा आलाय.'

पाणी ठेवायची हौस लावली ती आजींनीच. जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारच्या सुमारास इथे 'बिग गार्डन बर्डवॉच' असतं, १९७९ पासून. एक तास आपल्या बागेकडे बघत बसायचं, उतरलेले पक्षी मोजायचे आणि आरएसपीबी या पक्षीसंस्थेला कळवायचे. आजींनी मला त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवलं, चहा दिला आणि बोलू नको म्हणाल्या. त्यांच्या बागेत पत्र्याच्या जुन्या कचरापेटीचं झाकण उलटं करून चार विटांवर ठेवलेलं. मूठ खालच्या पोकळीत जाते, म्हणून झाकण डुगडुगत नाही. काठाशी बोटभर पाणी, मध्यावर चार बोटं, आणि मधोमध एक खडबडीत दगड. लहान पक्षी काठाशी उभे राहतात, मोठे आत उतरतात. बागसामानाच्या दुकानात दगडी खांबावरची ऐटबाज कुंडं मिळतात, पण आजींनी तीस वर्षं हे झाकणच वापरलंय.

मला ते झाकण काही पटेना. कचऱ्याच्या डब्याचं झाकण, आणि त्यात पाणी द्यायचं? आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याला वाढतो तेही केळीच्या पानावर, आधी त्याला आणि मग घरच्यांना. मी घरी येऊन स्टीलची परात काढली, आईने संसाराला दिलेली. तळाशी गोटे घातले आणि बाग संपते तिथे झुडपाजवळ ठेवली. पाणी गोठू नये म्हणून त्यात टेबलटेनिसचा चेंडू सोडायचा, वाऱ्याने तो हलत राहिला की थोडी जागा मोकळी राहते, हे आजींनी सांगितलं ते मी ऐकलं. मीठ मात्र कधीही टाकायचं नाही, तेही ऐकलं. आठवड्याला भांडं घासायचं आणि वाळवायचं, हे सांगितलं तेव्हा मी 'हो हो' म्हटलं असणार. पाणी कमी दिसलं की मी वरून भर घालत राहिले. दीड महिना.

त्या शनिवारी हे काहीच आठवलं नाही. मनात फक्त धुसफूस. ज्यांची मांजरं दिवसभर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बागांतून मोकाट हिंडतात आणि पिल्लं मारून दाराशी आणून टाकतात, ते लोक मला शिकवणार? आमच्या जुन्या मुंबईत पाणपोया बांधल्या तेव्हा माणसांबरोबर जनावरांच्या पाण्याचीही सोय केली. आमच्या घरात माणसाच्या आधी कावळ्याला घास गेला. पक्ष्याला पाणी पाजणं आम्हाला रक्तातून मिळालंय. दोन दिवस मी नवऱ्याला हेच ऐकवलं. यातलं बरंचसं मला आजही खरं वाटतं.

मग आईला फोन लावला. ती माझ्या बाजूने बोलेल याची खात्रीच होती. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "पाणी ठेवलंस ते कळलं. भांडं कधी घासलंस?"

फोन ठेवून मी परात बघायला गेले. वरचं पाणी नितळ होतं. गोटा उचलला तर त्याखाली बुळबुळीत, करड्या रंगाचा थर. त्यात बियांची टरफलं, शीट, एक पीस. माझ्या स्वयंपाकघरात असं भांडं मी तासभरही राहू दिलं नसतं.

त्या रात्री शोधून शोधून वाचलं. आजाराचं नाव ट्रायकोमोनोसिस. घशात राहणारा डोळ्यांना न दिसणारा परजीवी. कबुतर-पारव्यांत तो पूर्वीपासून आहे. २००५ पासून ब्रिटनमधल्या फिंच जातीच्या पक्ष्यांत पसरला. पक्ष्याला गिळता येत नाही. तो पाण्याशी येतो, चोच बुडवतो, लाळ पाण्यात मिसळते आणि पुढचा पक्षी तेच पितो. ग्रीनफिंच यात इतके गेले की २०२१ मध्ये तो इथल्या लाल यादीत, म्हणजे सर्वांत धोक्यात असलेल्या पक्ष्यांच्या यादीत आला. पिसं फुगवून एका जागी बसणं, माणसाला न घाबरणं, चोचीपाशी ओलं असणं ही सगळी त्या आजाराची लक्षणं. मी ज्याला पाहुणा म्हटलं तो माझ्या दारात उपाशी मरत होता. तो माझ्याच पाण्यामुळे आजारी पडला की आजारी होऊन पाण्याशी आला, हे आता कळायला मार्ग नाही. पण त्याच्यामागून तिथे पाणी प्यायला आलेले मी मोजले होते. सात.

आणखी एक गोष्ट वाचली ती जास्त कामाची. हा परजीवी कोरडेपणात टिकत नाही. म्हणजे नुसतं धुऊन लगेच भरायचं नाही. धुऊन पूर्ण सुकू द्यायचं. मग सुकेपर्यंत पक्ष्यांना काय? दुसरं भांडं. मला एकदम मुलुंडचं स्वयंपाकघर दिसलं. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे. एक भरलेला, दुसरा चिंच-मिठाने घासून खिडकीत पालथा. रोज अदलाबदल. लहानपणी मी विचारलं होतं की एकावर का भागत नाही, तर आई म्हणाली होती, भांड्यालाही ऊन लागतं.

मे महिन्यात मुंबईला गेले तेव्हा आईने बेत आखूनच ठेवला होता. तिच्या माठाला गळ्याशी चीर गेली होती, तो तिने टाकला नव्हता. गॅलरीत काही ठेवणं शक्यच नाही, कबुतरांसाठी जाळी मारलीय. (गेल्या वर्षी, २०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर चार दिवस भांडण झालं. मी तिथे लहानपणी मूठमूठ चणे उधळलेत, मला फार वाईट वाटलं होतं. आईच्या मैत्रिणीला फुप्फुसांचा त्रास आहे, तिला वाईट वाटलं नाही.) म्हणून आवारात मागच्या बाजूला, तामणाखाली जागा ठरवली. मे महिना, तामण जांभळ्या फुलांनी लगडलेला.

माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला आणि सकाळी लोखंड कापायच्या पात्याने पोटाखाली गोल खूण करत करत हळूहळू कापला. घाई केली की तडकतो. कडा शहाबादी फरशीवर घासून बोथट केल्या, पक्ष्याच्या पायाला लागू नयेत म्हणून. बूड गोल, जमिनीवर ठरेना. वॉचमनकाका स्कूटरचा जुना टायर घेऊन आले, त्यावर छान बसलं असतं. आई म्हणाली, "नको, टायरच्या आत पावसाचं पाणी साचतं, डास होतात." तिने सुंभाची जाड चुंभळ वळली. तिची आजी विहिरीवर जाताना अशी वळायची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बुडाच्या मध्यावर शहाबादीचाच एक खडबडीत तुकडा ठेवला, पाण्याच्या वर जेमतेम डोकावेल असा. मधमाश्या त्यावर उतरून पाणी पितात, बुडत नाहीत.

दुसरं भांडं म्हणजे कुंडीखालची मातीची मोठी बशी. ती बंद पडलेल्या टेबलफॅनच्या जाळीत ठेवली आणि जाळी तीन तारांनी तामणाच्या फांदीला टांगली. सोसायटीत तीन मांजरं आहेत, त्यांना तिथे पोचता येत नाही. मी माझी आवडती स्टीलची परातही सुचवली होती. आईने ती तासभर उन्हात ठेवून मला म्हटलं, लाव हात. चटका बसला. मातीचं भांडं पाझरतं म्हणून पाणी गार राहतं, तेवढंच ते लवकर कमी होतं. मेमध्ये दिवसातून दोनदा भरावं लागतं. रेडिंगमध्ये असला प्रश्न कधी येत नाही आणि आजींना हे ठाऊक असायचं कारणही नाही. प्रत्येक गावाचं पाणी ठेवायचं शास्त्र वेगळं.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीकाका खाली आले. "ताई, डेंग्यूचं काय? मलेरियावाले आले तर नोटीस सोसायटीला लागेल." चिडून नव्हते बोलत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच घरात डेंग्यू झालाय. मी सांगितलं की अंड्याचा डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, आम्ही पाणी रोज ओतून देतोय. आणि नुसतं ओतून भागत नाही, ती अंडी काठाला पाण्याच्या रेषेशी चिकटतात, सुकली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून काठ घासायचा. हे बोलताना माझ्या लक्षात आलं की मी आजींचंच वाक्य बोलतेय, आजाराचं नाव बदलून. काकांनी पाळ्यांचा कागद मागितला. बिल्डिंगमधल्या पाचवी-सहावीतल्या चार मुलींनी सुट्टीभराच्या पाळ्या लिहून फलकावर लावल्या. आज माठ भरलेला, बशी घासून भिंतीवर पालथी, उद्या उलट. घासायला नारळाची शेंडी. साबण नाही.

दोन दिवस कोणी फिरकलं नाही. मग कावळा आला, पावाचा कडक तुकडा घेऊन. तो पाण्यात बुडवला, वाट बघितली, मऊ झाल्यावर खाल्ला आणि अर्धा तिथेच सोडून गेला. मुलींनी पाणी बदललं. मग साळुंक्या, मग बुलबुलाची जोडी. पारवे आलेच, ते चोच बुडवून मान वर न करता सरळ ओढून पितात, बाकीचे पक्षी घोट घेऊन मान उंचावतात. एका मुलीने हे स्वतः बघून मला सांगितलं, मी आयुष्यभर पारवे बघूनही कधी पाहिलं नव्हतं. आणि एका सकाळी सातच्या सुमाराला दयाळ. काठावर शेपटी उभारून बसला, दोनदा इकडेतिकडे बघून फरशीच्या तुकड्यावर उतरला, छाती टेकली आणि पंख इतक्या जोरात फडफडवले की सगळीकडे तुषार उडाले. मग फांदीवर बसून एकेक पीस चोचीतून ओढून साफ केलं. तामणाची दोन-तीन फुलं पाण्यात पडली होती. आई मागे उभी होती, तिने माझा दंड घट्ट धरला होता.

चिमण्या सर्वांत शेवटी आल्या, निघायच्या आदल्या दिवशी. चार. जात तीच, रेडिंगच्या अंगणातली आणि मुलुंडच्या आवारातली. तिकडच्या मोजणीत वर्षानुवर्षं चिमणीच पहिली असते, तरी २००२ पासून ती लाल यादीत आहे. इतकी पहिली आणि तरी इतकी कमी. २० मार्चचा चिमणी दिवस तर २०१० मध्ये आपल्या नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने सुरू झाला, आणि आजींना तो दिवस माहीत आहे. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला झालेला आनंद मी लपवला नव्हता.

परत येताना बॅगेत दोन शेंड्या घातल्या. एक माझी, एक आजींची. मार्चपासून आमचं बोलणं हवापाण्यापुरतंच उरलं होतं. मी कुंपणापाशी जाऊन शेंडी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं की माझी आई भांडी याने घासते, आणि त्या दिवशी तुम्ही बोललात ते बरोबर होतं. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, बोटांनी तंतू दाबून बघितले. मग लगेच झाकणातलं पाणी गवतावर ओतलं, गुडघ्यावर बसल्या आणि काठ घासायला लागल्या. मी पलीकडून पाइप धरला.

आज सकाळी त्यांचं झाकण कुंपणाला पालथं टेकवलेलं आहे, शेजारी खिळ्याला शेंडी. आज पाणी माझ्याकडे आहे.