बडोद्याचा सिरीज बोर्ड आणि मिशिगनमधला ट्रेलर

आमच्या मिशिगनमधल्या घराशेजारी एक ट्रॅव्हल ट्रेलर उभा असतो. हे चाकांवरचे छोटे घरच असते; आत पलंग, ओटा, न्हाणी, सगळे काही असते, फक्त इंजिन नसते. उन्हाळ्यात तो पिकअप ट्रकच्या मागे जोडायचा आणि तळ्याकाठी चार दिवस राहून यायचे, असा आमचा रिवाज आहे. ट्रेलरच्या मागच्या दिव्यांना वीज ट्रकमधूनच, सात पिनांच्या एका प्लगमार्फत मिळते. आमची सगळी अडचण त्या दिव्यांची होती. सरळ रस्त्यावर ते नीट लागत, पण वळणावर किंवा खड्ड्यात फडफडत. तपासायचे म्हटले की एकाने ट्रकमध्ये बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने ट्रेलरच्या मागे उभे राहून ‘लागला’, ‘गेला’ असे ओरडायचे. एका कारागिराने दोनदा बल्ब बदलून दिले आणि दोन्ही वेळा पैसे घेतले, तरी दोष जागचा हलला नाही.

गेल्या दिवाळीत बडोद्याला आले, तेव्हा ही तक्रार मामांच्या कानावर घातली. मामांचे रावपुऱ्यात मोटार वाइंडिंगचे दुकान आहे आणि माझ्या शाळेच्या सुट्ट्या त्याच दुकानात गेल्या आहेत. ते म्हणाले, “अगं, ट्रक कशाला हवा? दिव्याला बारा व्होल्ट लागतात, ते बॅटरी आणि स्विच बसवलेल्या एका डब्यातून दे.”

त्यांच्या दुकानात भिंतीवर एक सिरीज बोर्ड आहे. सनमायका लावलेली फळी, तिच्यावर होल्डर, त्यात शंभर वॅटचा बल्ब आणि खाली लोंबणाऱ्या दोन वायरी, एवढाच त्याचा पसारा. दुरुस्तीला आलेली इस्त्री किंवा मिक्सर आधी या बल्बच्या मागे जोडून पाहतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि फ्यूज उडत नाही. तीच युक्ती आम्ही बारा व्होल्टवर वापरली आणि कारच्या हेडलाइटचा पंचावन्न वॅटचा बल्ब घेतला. त्याच्यामागे वायर कुठे टेकलेली असली, तरी साडेचार-पाच अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊच शकत नाही. तपासणीत काही वावगे दिसले नाही, की एका स्विचने हा बल्ब वगळून थेट वीज देता येते.

सात पिनांचे सॉकेट मी येतानाच बरोबर आणले होते. टेललाइट, डावा, उजवा आणि रिव्हर्स असे चार स्विच बसवले, डाव्या-उजव्यासाठी एक इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर, म्हणजे दिवा लुकलुकवणारा भाग, घातला. साधा थर्मल फ्लॅशर प्रवाहाच्या उष्णतेवर चालतो, त्यामुळे पुढेमागे एलईडी दिवे बसवले तर तो लुकलुकणारच नाही. आपल्याकडे सिग्नलचा दिवा पिवळसर आणि वेगळा असतो. अमेरिकेतल्या बहुतेक ट्रेलरांवर मात्र एकच लाल दिवा ब्रेकचेही काम करतो आणि वळण्याचेही, म्हणून ब्रेकसाठी निराळा स्विच लागला नाही. डावा आणि उजवा तपासले की ब्रेकलाइटही तपासला गेला. चाकांच्या विद्युत ब्रेकचे प्रकरण तेवढे वेगळे आहे. प्रत्येक चाकातला ब्रेक लावणारा चुंबक सुमारे तीन अँपिअर घेतो, चार चाकांचे बारा होतात. तेवढा प्रवाह लहान बटणाला झेपत नाही, म्हणून मध्ये रिले, म्हणजे थोड्या प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, घातला आणि हात काढताच सुटणारे बटण बसवले, म्हणजे चुंबक विसरून तापत राहणार नाहीत.

वायरींच्या रंगांवरून मात्र मामांनी मला चांगलेच टोकले. साध्या ट्रेलरमध्ये हिरवी वायर उजव्या दिव्याची असते, ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये तीच बहुधा टेललाइटची असते. “रंगावर भरवसा ठेवू नकोस, प्रत्येक पिन मीटरने मोज,” असे म्हणून त्यांनी मला सातही पिना दोनदा मोजायला लावल्या. बॅटरी विमानातून आणायची नव्हती, म्हणून तिची जागा रिकामी ठेवली आणि सात अँपिअर-अवरची, यूपीएसमध्ये असते तशी, बॅटरी इथे येऊन घेतली. तिच्या तोंडाशी वीस अँपिअरचा फ्यूज लावला.

बर्फ वितळल्यावर डबा प्रथमच जोडला. सिरीज बल्ब मंद पेटला, म्हणजे शॉर्ट नव्हता. मग बल्ब वगळून टेललाइट लावले. ते जरा निस्तेज वाटले. त्यावर डावा सिग्नल सुरू केला आणि गंमत दिसली. सिग्नल पेटला की टेललाइट मंदावत, विझला की पुन्हा उजळत. म्हणजे दोघांचा प्रवाह ज्या एका पांढऱ्या वायरीतून परत जातो, त्या अर्थिंगच्या वाटेतच अडथळा होता. ट्रक जोडलेला असताना हा दोष झाकला जाई, कारण जोडणीच्या लोखंडी गोळ्यातूनही प्रवाहाला परतीची वाट मिळते. वळणावर किंवा खड्ड्यात ती वाट क्षणभर तुटे आणि दिवे फडफडत. नुसत्या मीटरने मोजले असता साडेबारा व्होल्ट दिसत, कारण मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही. भार पडल्याशिवाय असा दोष उघडा पडत नाही.

पांढरी वायर ट्रेलरच्या पुढच्या सांगाड्याला एका बोल्टने जखडलेली होती. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने बोल्ट गंजला होता आणि वायरीच्या टोकावर हिरवट पूड साचली होती. मी नवे टोक दाबून बसवले, बोल्ट बदलला आणि मामांना व्हिडिओ पाठवला. दिवे सुधारले होते, पण सिग्नलबरोबर टेललाइट अजून किंचित लवत होते. तिकडे रात्र झाली होती, तरी मामांचा लगेच फोन आला. “बोल्टखालचा रंग खरवडलास का?”

मी खरवडला नव्हता. पुन्हा खाली वाकले, सांगाड्यावरचा काळा रंग पॉलिशपेपरने घासून लोखंड चकचकीत केले, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. डब्यावरचा डावा स्विच पुन्हा दाबला. सिग्नल लुकलुकत राहिला आणि टेललाइट जागचे हलले नाहीत. मामा फोनवरच होते. त्यांनी आता उजवा लाव म्हणून सांगितले.